चष्म्याच्या गाडीवरची अक्षरं

३ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पाट्यांच्या दुकानातून आलेली व्हिनाइलची अक्षरं काल गाडीला चिकटवली. ‘फिरतं चष्म्याचं दुकान’ असं झोकात दिसत होतं. सकाळी पाहते तर ‘फिरतं’ लोंबकळतंय. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. उरलेलं एक अक्षर घरच्या आरशावर लावून पाहिलं, तर ते नखानेही निघत नाही. मग गाडीनेच त्यांचं काय घोडं मारलंय?

महिनाअखेरीस पहिली फेरी आहे. मी नोकरी सोडल्यापासून बाबांनी अबोला धरलाय, आईमार्फत निरोप चालतात. गाडी बोडकी निघाली तर हसं होईलच, पण त्याहून बाबांचं न बोलणं मला फार लागतं.

लोभ नेहमीचा, उत्तर मात्र लवकर.

तुझी,
खारू

७ फेब्रुवारी

चि. खारू हिला अनेक आशीर्वाद.

माझ्या मालाला नावं ठेवण्याआधी पत्र्यावर पाणी शिंपडून बघ. सपाट पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंबथेंब होऊन घरंगळलं तर वर मेण नाहीतर पॉलिश आहे, त्यावर कुणाचंच अक्षर टिकायचं नाही. साबणाने धू, स्पिरिटने पूस, उन्हाने पत्रा कोमट झाला की लाव आणि मधून कडेकडे दाबत जा.

भाऊ रुसलाय म्हणतेस, पण जेवतो ना? लहानपणी रुसला की दोन घास जास्तच खायचा.

आईला नमस्कार, तुला धपाटा.

आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

पाणी घरंगळलं! मग संध्याकाळी धुतलं, पुसलं, पाणी छान पसरलं. अक्षरं सकाळच्या उन्हात लावायची म्हणून थांबले, तर सकाळी पुन्हा थेंबच थेंब. म्हणून आज लवकर उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी दबा धरून बसले.

बाबा होते. बनियनवर, हातात पॉलिशची बाटली. माझी गाडी घासत होते, दारांच्या मुठीसुद्धा. आरशावर हा करून फुंकर घालत होते. मला रडूच आलं. आता सांगावं तर ते थांबतील, आणि त्यांनी थांबायला नकोय मला.

काय करू ते कळव. लोभ असू दे.

खारू

१४ फेब्रुवारी

चि. खारूस आशीर्वाद.

सायकलही तो अशीच घासायचा, मला हात लावू द्यायचा नाही. त्याला मना करू नकोस. पॉलिशच्या जागी स्पिरिट आणि धुतलेलं फडकं ठेव, आणि ऊन आल्यावर, सोबत पाठवतेय ती कागदावर ओळीने सगळी अक्षरं असलेली नवी पट्टी घेऊन समोर उभी राहा. एवढी लांब पट्टी एकटीला सरळ लावता येत नाही. दुसरं टोक त्याच्या हातात दे.

आत्या

१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

उभी राहिले. बाबांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पत्रा पुसायला घेतला. मग टोक धरलं. मी दाबत गेले, त्यांनी वरचा कागद हळूहळू सोलला. एकही कड सुटली नाही. दोन पावलं मागे जाऊन त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

“शेवटचा ‘न’ वाकडा लागलाय,” म्हणाले.

इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले, ते हे. मी घाईने नख घालून पाहिलं. निघेना.

“राहू दे,” म्हणाले. “फेरीला किती वाजता निघायचं आपण?”

बाकी सर्व क्षेम. आज लोभ मागत नाही, पुष्कळ आहे.

तुझी,
खारू