कुठला रहिवासी

रविवार, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा यांस,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका. तब्येत ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे आणि पैसे मागायला लिहीत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर ती 'बरे आहेत' म्हणते, पण तिचं 'बरे' म्हणजे काय ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. बाबांना दे म्हटलं की म्हणते, "ते गिऱ्हाइकात आहेत." रविवारी भर जेवणाच्या वेळी कसलं गिऱ्हाईक, ते मी विचारत नाही.

इथे सगळं तसंच. हॉस्पिटलच्या चादरी येतात, धुतल्या जातात, आम्ही त्या इस्त्रीच्या गरम रुळांत सारतो. रुळापाशी दोघं लागतात. एकाने ओढलं आणि दुसऱ्याने सोडलं की चादर तिरकी जाते, मशीन अडतं. माझ्या जोडीला आहेत त्यांना वयामुळे सगळे मामा म्हणतात. सुरुवातीला मी फार हिसके द्यायचो. मामा म्हणाले, "पोरा, चादर आहे ती. तिच्याशी काय दावा मांडलायस?" आता हात बसलाय.

आमच्या खोलीचं कुलूप अगदीच भिकार आहे. परवा मामा किल्ली आत विसरले. मी तारेच्या तुकड्याने उघडून दिलं. "कुठे शिकलास रे?" म्हणाले. "घरी," म्हणालो. मग त्यांनी बरंच काय काय विचारलं, मी तार गुंडाळून खिशात टाकली.

आता कामाचं. टॅक्समध्ये मी घाण करून ठेवली आहे.

नियम साधा आहे. घर मागे ठेवून थोड्या मुदतीसाठी आलेला माणूस इथे अनिवासी. त्याने फक्त इथल्या पगारावर टॅक्स भरायचा, मागे काय आहे ते कुणी विचारत नाही. जो इथलाच झाला तो रहिवासी. त्याने जगात कुठेही काही मिळत असेल तर तेही दाखवायचं आणि त्यावरही भरायचं. लाँड्रीत बाहेरून आलेले सगळे अनिवासी आहेत. मी सोडून.

झालं असं की पहिल्याच दिवशी पगाराच्या कारकुनाने विचारलं, "तिकडे घर आहे?" मी नुकता उतरलेलो, तुमचे शब्द कानात ताजे. म्हणालो, "घरबीर काही नाही. मी परत जाणारच नाही." त्याने मला रहिवासी करून टाकलं. एवढ्यावर थांबायचं की नाही? तो हसत म्हणाला, "म्हणजे मागे काहीच नाही?" सगळे बघत होते. मला ते लागलं. म्हणालो, "माझ्या नावावर गाळा आहे, भाड्याने दिलेला." एकाच तोंडाने बेघर आणि त्याच तोंडाने मालक. असा शहाणा या लाँड्रीत दुसरा झाला नाही.

गाळा म्हणजे तुमच्या दुकानाशेजारचा, झेरॉक्सवाल्याला दिलेला. तुम्ही तो हौसेने माझ्या नावावर केलात. त्याच्या भाड्यावर आईची औषधं चालतात हे मला ठाऊक होतं. आता टॅक्स ऑफिसने त्याच भाड्यावर टॅक्स मागितलाय, दंडासकट. माझ्या फुशारकीचं बिल आईच्या गोळ्यांवर फाटलं.

मी भांडायलाच गेलो होतो तिथे. काचेपलीकडे एक बाई होत्या, आत्याच्या वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. माझा आवाज चढला तरी त्यांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक दुरुस्त होते. मला एवढंच सांगा, तिकडे तुम्हाला कधीही जाऊन राहता येईल, असं घर आहे का? कुणाची परवानगी न मागता?"

बाबा, माझा हात खिशात गेला, घराची किल्ली चाचपायला.

त्या म्हणाल्या, "आणि इथलं काम संपल्यावर परत जाणार आहात का? सुटका व्हावी म्हणून हो म्हणू नका." घरच्या कर्त्या माणसाचं सहीचं पत्र हवं, असं त्यांनी सांगितलं. वडील देतील ना, विचारलं. मी म्हणालो, "विचारून बघतो." त्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागद चाळायला लागल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

त्या दिवशी मी किल्ली तुमच्या टेबलावर आपटली ती आपटायला नको होती. तुम्हीही म्हणालात, "परत लागली तर माझ्याकडे मागू नकोस." किल्ल्या बनवणाऱ्या माणसाने हे म्हणावं. कॉलेज मी अभ्यासाला घाबरून सोडलं नाही. ते कशासाठी सोडलं ते तुम्ही ओळखून आहात, समोरच्या औषधवाल्यांकडे तुम्ही तेव्हापासून पाठ करूनच बसता. त्यांनी मला म्हटलं होतं, "आधी कमवा, मग माझ्या मुलीचं नाव काढा." तुम्ही म्हणत होतात, आधी डिग्री. मी दोघांवरही चिडलो आणि इतक्या लांब आलो.

हे तुम्हाला लिहायचं म्हणजे संकोच वाटतो, पण तिची पत्रं येतात. मी तिला लिहिलं की इथेच राहू, खोली बघतो. तिने सरळ लिहिलं, "ज्याला स्वतःच्या घरात जाता येत नाही त्याच्या घरात मी कशी येऊ?" तीन दिवस मी जेवलो नाही नीट. चौथ्या दिवशी कळलं की ती बरोबर बोलतेय, त्याचा जास्त राग आला.

त्याच पत्रात तिने आणखी एक लिहिलंय. त्यांच्या औषधांच्या दुकानातल्या कपाटाची किल्ली करून घ्यायला ती तुमच्याकडे आली होती. तुमच्या मागच्या खिळ्यावर एकच जुनी किल्ली लटकलेली दिसली. तिने विचारलं, "काका, ती कुठली?" तुम्ही कानस चालवत म्हणालात, "ती गिऱ्हाइकाची नाही." आणि तिच्याकडून मजुरी घेतली नाहीत.

हे वाचलं म्हणून लिहायचा धीर झाला.

टॅक्स ऑफिसला द्यायच्या पत्रात तुम्ही एवढंच लिहायचं की हे त्याचं घर आहे आणि तो कधीही येऊ शकतो. खरं असेल तरच लिहा. बाईंनी मला बजावलंय, मीही तुम्हाला तेच सांगतो. नाही आलं पत्र तर टॅक्स मी पगारातून भरीन, आईला यातलं काही कळू देऊ नका. माझ्या बाजूचं मी लिहून दिलंय: करार संपला की परत जाणार. ते टॅक्ससाठी लिहिलेलं नाही. कॉलेजचं आल्यावर बोलू, आवाज न चढवता. मी प्रयत्न करीन, तुम्हीही करा.

किल्ली मात्र पाठवू नका. राहू द्या खिळ्यावर. मी येऊन काढून घेईन.

इथे तात्पुरता,
तुमचा मुलगा