दुपट्याच्या मधोमध आलवण

आत्या, तुला वाचता येत नव्हतं. तू होतीस तेव्हा मलाही येत नव्हतं. पुढं पोरांच्या पाट्या पुसता पुसता मी अक्षरं उचलली. आता बोरू हातात धरला की वेडंवाकडं का होईना, उमटतं. तुला सांगायचं ते असं की, ज्याच्यासाठी तू ठाण्याच्या घरी दुपटं शिवलंस तो माझा थोरला आता आजोबा झाला. त्याची लेक बाळंतपणाला कल्याणला आमच्याकडे आली आहे. मुलगा झाला. आज अकरावा दिवस, उद्या बारसं, आणि घरात दुपट्यावरून रण पेटलं आहे.

मूल जन्मायच्या आधी त्याचं काही शिवायचं नाही, हा तुझा नेम मी अजून पाळते. म्हणून या दहा दिवसांत शिवलं. खाली यांचं विरलेलं धोतर, मध्ये दोन जुनी लुगडी, वर माझंच हिरवं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. मागच्या पडवीत अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार पाट ठेवले आणि कडेनं सुरुवात केली. पहिल्या ओळीला सगळं घर डोक्यात भांडत असतं. सुंठ संपली, धुणं वाळलं नाही, अमकी अशी का बोलली. दुसऱ्या ओळीला आवाज लांब जातात. तिसऱ्या ओळीला मी, सुई आणि कापड, एवढंच उरतं. टाका खाली, टाका वर, कडेकडेनं आत आत. गुडघे दुखतात तेसुद्धा दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दुखतात. लोक म्हणतात, या वयात डोळे कशाला फोडतेस? त्यांना काय सांगू, जपाला बसून जे मला कधी साधलं नाही ते इथं आपसूक होतं. देवाला राग येत असेल तर येवो.

डोळे मिटले की तू दिसतेस. अशीच पडवी, खाडीवरून मिठागराचा खारा वारा येतोय. अंगावर विधवेचं तांबडं आलवण, त्याचाच पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. मी आठ-नऊ वर्षांची, तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आहे. दोरा ओढते आणि कापडाला सुरकुती पडते. "अगं, गळा का आवळतेस त्याचा? हात धरून ने," तू म्हणतेस. मग तेवढी ओळ माझ्याकडून उसवून घेतेस. उसवणं शिवण्याहून अवघड, असं तुझं म्हणणं. धागा तुटता कामा नये, कापडाला कळता कामा नये. त्या दिवशी तुझी स्वतःची सुई तू मला दिलीस. तुझ्या मालकीची तेवढीच एक वस्तू होती, हे मला फार पुढं कळलं.

घरात कुणाचंही बाळंतपण असो, दुपट्याला तूच. दिवसभर तुला हाका मारणारं घर तू शिवायला बसलीस की गप्प बसायचं. पण बारशाला तुला मागच्या खोलीत बसवायचे, आणि तुझ्या आलवणाची चिंधी कधी कुठल्या दुपट्यात जाऊ द्यायचे नाहीत. तुझा हात चालत होता, तुझं कापड चालत नव्हतं. त्या हातांना कुणी विचारलं का, की बायांनो, तुम्ही कुणाचे?

माझ्या थोरल्याच्या दुपट्यात मात्र तू गुपचूप घातलास. तळहाताएवढा तुकडा, वरच्या थराखाली, कोपऱ्यात. पांढऱ्या धोतरातून उजेडात जरासा तांबूस दिसायचा. बारसं झालं, तू दुपटं भिजवायला घेतलंस, आणि तुझी बोटं त्या कोपऱ्यावर थांबली. तुकडा तिथं नव्हता. "इथलं कुणी काढलं गं?" मी म्हटलं, "सासूबाईंनी." तू त्या जागेवरून अंगठा फिरवलास. म्हणालीस, "हात हलका आहे हो विहीणबाईंचा. एक धागा तुटला नाही." आणि उठून विहिरीवर गेलीस.

तो तुकडा मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. काल तो काढला आणि दुपट्याच्या मधोमध बसवला. आत नाही, वर. हिरव्यावर तांबडा, आंधळ्यालाही दिसेल असा. लपवलं तर पुन्हा कुणीतरी उसवेल.

सकाळी थोरल्या जाऊबाईंनी पाहिलं. "हे कसलं गं कापड?"

"माझ्या आत्याचं आलवण."

"अगं बाई! सोवळ्या बाईचं, त्यातून मेलेल्या, आणि कोवळ्या जिवाच्या अंगाखाली? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"शिवलं तेव्हा तरी होतं."

"थट्टा नको. सासूबाईंनी तुझ्या थोरल्याच्या दुपट्यातनं हेच उसवून काढलं होतं ना? तूच सांगितलंस मला. त्या काय वेड्या होत्या? तेव्हापासून या घरात असलं कधी झालं नाही, माझ्या देखत होणारही नाही. हे पाळण्यात आलं तर मी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणायला उभी राहायची नाही, सांगून ठेवते."

"नका राहू. मी या हातानं देईन आणि या हातानं घेईन."

आतून नात हसली. "आजी, आण गं ते इकडं, हा रडतोय." मी बाळाला त्याच्यावर घातलं. त्यानं मूठ उघडली, मिटली आणि झोपला. उद्याही त्याच्यावरच झोपेल. मी पाळण्यापाशी उभी असेन. कुणी सुई घेऊन येऊन तर पाहावं.

पण आत्या, जाऊबाईंचं एक खरं आहे. या घरात पुढं किती दुपटी झाली, एकातही तुझ्यासारखीची चिंधी गेली नाही. सासूबाईंचा नेम म्हणून. सासूबाईंनी ते दुपटं कधी उलटूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या बारशाला ठाण्याला यायच्या आदल्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत ते मी उसवलं. तू दिलेल्या सुईनं. मला भीती वाटली, पोराला काही झालं तर. तू अंगठा फिरवलास तेव्हाच तुला कळलं असणार. तसं उसवायला तू एकीलाच शिकवलं होतंस.

हा कागद दुपट्यात घालावा असं मनात आलं होतं, पण बाळाला टोचेल. सुयांच्या डबीखाली ठेवते. सकाळी जाऊबाईंना इतकं सगळं ऐकवलं, आणि ते मीच उसवलं, एवढंच सांगायच्या वेळी मी पाणी प्यायला उठले.