फाईलवरचा शेरा

प्रिय रोहिणी,

फोनवर तुझ्याशी आई बोलते आणि मी शेजारी बसून ऐकतो, हे आता वर्षभर चाललंय. तू "बाबा कसे आहेत" म्हणून विचारतेस, आई "बरे आहेत" सांगते, तेवढ्यावर माझी हजेरी लागते. म्हणून आज कागद घेतला. अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, पण मनातलं लिहायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घे.

आधी बातमी. करंजओहळ पाड्यावरच्या तुझ्या सौरपंपाची बुधवारी चाचणी झाली. दरीतल्या झऱ्याचं पाणी वरच्या टाकीत पडलं. नकाशावर तू खूण केली होतीस तिथेच टाकी बांधलीय. पाणी पडायला लागलं तेव्हा बायका टाकीला कान लावून उभ्या होत्या. कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. सगळ्या नुसत्या ऐकत होत्या.

तुझा प्रस्ताव पहिल्यांदा आमच्या तालुक्याच्या ऑफिसातून परत आला, तो दिवस मी विसरलेलो नाही. सर्वेक्षणासाठी तू महिनाभर ती दरी चढली-उतरली होतीस. ठाण्याच्या कंपनीला तिथे डिझेलचा पंप बसवायचा होता, आणि डिझेल पुरवायचं होतं ते आपल्या पुढाऱ्याने, ज्याचे टँकर दर उन्हाळ्यात पाड्यांवर फिरतात. कंपनीची माणसं पाड्यावर सांगत होती, की सौरपंपाच्या या काचेच्या पाट्या ऊन खेचतात, आंब्याचा मोहोर जळेल, पाट्यांखालची जमीन सरकारजमा होईल. आणि फाईलवर शेरा आला, 'पावसाळ्यात चार महिने ऊन नसल्याने सदर योजना तांत्रिकदृष्ट्या अव्यवहार्य.' जेवताना तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या ऑफिसात एकालाही लाज नाही का?" आई भात वाढत होती. मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्याच आठवड्यात तू तुझ्या संस्थेतर्फे जिल्ह्याला अपील केलंस आणि नाशिकला निघून गेलीस.

पुढचं तुला अर्धवटच माहीत आहे. एप्रिलात साहेबांनी मला करंजओहळला पाठवलं. 'आम्हा ग्रामस्थांना सौरयोजना नको, डिझेल पंपच हवा' अशा मजकुराच्या कागदावर अंगठे घ्यायचे होते. अपिलाच्या सुनावणीत तो कागद कंपनीला लागणार होता. त्यांचा माणूस जीप घेऊन सोबत आला. पाड्यावर दोन म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. पुरुष मजुरीला भिवंडीकडे, बायका पाण्याला. जीपवाला सावलीत बसला. मी उगाच दरीकडे चालत गेलो आणि अर्ध्या उतारावर घसरून पडलो.

मला उठवलं ते मंगळीने. सर्वेक्षणात तुझ्या मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरायची, तीच. तिच्या डोक्यावर दोन हंडे होते. तिने माझी ऑफिसची बॅगही काखेत मारली आणि पुढे चालू लागली. दोनदा थांबली, तीही माझ्यासाठी. ती सगळ्यांनाच 'तू' म्हणते, मलाही म्हणाली. वर आल्यावर तिने विचारलं, "या कागदावर काय लिवलंय, वाचून दाखव." असे कागद मी आयुष्यात शेकड्याने फिरवलेत, पण वाचून दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर बाकीच्या बायकाही आल्या होत्या. मी वाचलं, चार महिने ऊन नसतं, हेही वाचलं.

मंगळी हसायलाच लागली. "पावसात पानी आमच्या घरात शिरतं रे. तवा कोन जातं झऱ्यावर? ऊन तापतं तवाच पानी लागतं, आन तवा तर ऊनच ऊन हाय."

रोहिणी, एवढी साधी गोष्ट. एकीनेही अंगठा दिला नाही. मी एकही अंगठा नसलेला कागद घेऊन परतलो आणि अहवालात जे पाहिलं तेच लिहिलं. ग्रामस्थांना मजकूर वाचून दाखवला, त्यांनी नकार दिला, कारण अमुक. सही केली. साहेबांनी तीनदा बोलावून अहवाल बदलायला सांगितलं. पुढाऱ्याचा घरी फोन आला. त्याने आवाज चढवला नाही, फक्त हरेशची चौकशी केली. "मुलगा आमच्या त्या ठाण्याच्या कंपनीतच आहे ना? बरं चाललंय ना त्याचं?"

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. तुझ्या भावाला ती नोकरी किती खटपटीने लागली होती. त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. मग म्हणाला, "बाबा, त्यांचे डिझेल पंप मीच दुरुस्त करतो. महिन्यातले निम्मे दिवस बंद असतात. तुम्ही अहवाल बदलू नका." सुनावणीच्या आधीच त्याला कामावरून काढलं. आता तो जव्हारला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात आहे, आणि करंजओहळचा पंप पाड्याने त्याच्यावरच सोपवलाय. पाट्या कशा पुसायच्या हे तो बायकांना शिकवतो, तेव्हा अगदी तुझ्यासारखा हात हलवून बोलतो.

पालघरच्या सुनावणीला अकरा बायका गेल्या. तुझ्या संस्थेच्या वकिलाने तुला निकाल कळवला असेल, पण तिथलं दृश्य कळवलं नसेल. कंपनीच्या वकिलाने पावसाळ्याचा मुद्दा काढला, तेव्हा मंगळी बोलावण्याआधीच उभी राहिली आणि पाड्यावर मला सांगितलं तेच तिने सांगितलं. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं, मग उचलून सगळं लिहून घेतलं.

सगळं जिंकलो असं नाही. खोडाळ्याकडच्या आणखी दोन पाड्यांच्या फायली अडकल्यात, टँकर अजून फिरतात. माझी बदली तलासरीला झाली. पहाटेची एसटी धरावी लागते. पण त्या दोन पाड्यांच्या बायका परवा मंगळीकडे येऊन गेल्या. कागद कसा वाचून घ्यायचा, ते विचारायला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रविवारी पाणी रीतसर सुरू होणार आहे. पाड्याने तुला बोलावलंय, आणि तू येणार हे आईकडून कळलं. त्यांना तुझा नि माझा सत्कार एकत्र करायचाय. रोहिणी, फाईलवरचा तो शेरा, ज्यावरून तू माझ्या साहेबांना वर्षभर शिव्या दिल्यास, त्यावर सही त्यांची आहे, पण लिहिला मी. कंपनीने मजकूर पाठवला, मी तो माझ्या शब्दांत बसवला. हरेशची नोकरी त्याच महिन्यात लागली. प्रस्ताव तुझा आहे हे मला माहीत होतं, तरी लिहिला. पुढे जे केलं त्याने हे पुसलं जात नाही. मंगळीला मी परवा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पोरीला सांगलास का?" माझा सत्कार नको, असं मी पाड्याला कळवलंय. तू मात्र ये, रागाने आलीस तरी ये. नाशिकची बस साडेदहाला खोडाळ्याला येते. मी फाट्यावर थांबतो. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पाड्यापर्यंत नुसतं सोबत चालू.

तुझाच,
बाबा