खोडलेला प्रश्न

गुरुवार, संध्याकाळ

होळी नावाच्या गावात मार्था मावशींकडे गेले होते. परदेशी गेलेल्यांच्या आईबापांवर माझी पीएचडी, आणि त्यांचे दोन्ही मुलगे कॅनडात. पहिलीच भेट. प्रश्नावली काढली तशा त्या हसल्या. "अगं बाय, परवाच नाय का सगळं विचारून गेलीस?"

परवा मी दिवसभर विद्यापीठात होते. दुसरी कोणी आली असेल, असं समजून माझे सगळे प्रश्न विचारले. निघताना म्हणाल्या, "तो शेवटचा आज नाय विचारलास? पोरं परत येतील असं वाटतं का, तो?"

तो प्रश्न मी घरच्या वहीत लिहिला आणि लाल पेनाने खोडला होता. प्रश्नावलीत छापलाच नाही, कोणाला दाखवलाही नाही. दादा जर्मनीला गेल्यापासून तो मला कोणालाच विचारवत नाही.

"माझं उत्तर ऐकून केवढी रडलीस," म्हणाल्या. काय उत्तर, ते न विचारताच मी निघाले.

आत्ता वही उघडून बसलेय. लाल रेघ आहे तशीच आहे. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "काय गं, त्या बाईंना वाटतं का, मुलं परत येतील?"

"विचारलंच नाही," म्हणाले.

खरंच नाही ना विचारलं मी?