लाल फुलीची रिंग

३ फेब्रुवारी, रविवार

बोल्ट तुटला. गिअरबॉक्सचा शेवटचा. बाकीचे सगळे डिझेल पाजून, तापवून, शिव्या घालून निघाले आणि हा मेला मुंडकं हातात देऊन मोकळा झाला. मी पाना भिंतीवर फेकून मारला. त्या भिंतीला आता गिलाव्यापेक्षा खड्डे जास्त आहेत.

वेल्डर हसला. वेल्डर म्हणजे धाकटीचा, माझ्या बहिणीचा नवरा. "ताई, दवाखान्यात एक्स-रे पण असेच काढता का? माणूस भिंतीवर आपटून?" मग त्याने तुटक्या बोल्टावर एक नट ठेवला, आतून वेल्डिंगचा एकच टाका दिला, आणि गार झाल्यावर बोल्ट अलगद फिरवून काढला. बाटलीचं झाकण काढावं तसा. हात सोन्याचे आहेत, काय बोलणार! तो नसता तर बाबांचा हा दहाटनी ट्रक शेडमध्ये गंजूनच गेला असता. बाबांनी जन्मभर चालवला आणि जाताना मला म्हणाले, "भंगारात घालू नकोस." मग काय, माझे सगळे रविवार त्याचेच.

धाकटी मागच्या फळीवर अक्षरं रंगवत होती. दुकानाच्या पाट्या रंगवते ती, हात सराईत आहे. आज दिवसभर गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय."

१० फेब्रुवारी, रविवार

चाकं उघडली. या जुन्या रिमवर टायर एका लोखंडी रिंगेने अडकून राहतं. हवा भरली की सगळा जोर त्या रिंगेवर. ज्या रिमची तीच रिंग लागते, दुसरी चालत नाही. दुसरी बसते, बसल्यासारखी दिसते, आणि भरता भरता सुटते. बाबांनी एकदा एका टायरवाल्याचं डोकं असं गेलेलं पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, आणि तो दिवस ते कधी विसरले नाहीत. तेव्हापासून घरचा नियम — प्रत्येक रिमला आणि त्याच्या रिंगेला एकाच रंगाचा ठिपका. समोरचं उजवं पिवळं, डावं निळं, असं. ठिपके द्यायचं काम लहानपणापासून धाकटीचं. रिंगेवरचा शिक्का आमच्यात कोणी वाचत नाही, ठिपका बघतात.

भंगारवाल्याने एक जास्तीची रिंग दिली होती, ती दुसऱ्याच कंपनीची आहे हे नंतर त्यानेच सांगितलं. दिसायला अगदी पिवळ्या रिंगेची जुळी बहीण. मी तिच्यावर लाल फुली मारून खिळ्याला टांगली. बाबांचा दुसरा नियम — चुकीची रिंग ठेवायची नाही, कापायची. वेल्डरला म्हटलं गॅसने काप. म्हणाला, "कापतो ना, पळून चाललीय का ती?" नाही कापली.

हवा भरायला लोखंडी पिंजरा आहे, रिंग उडालीच तर आत अडकावी म्हणून. वेल्डरनेच करून दिलाय, माझ्यासाठी. स्वतः वापरत नाही. चाक जमिनीवर आडवं टाकतो, वर वाकतो, हवा चालू ठेवून रिंगेवर हातोडीने ठोकत बसतो. "पिंजरा पोपटाला ठेवा, ताई." मरशील एक दिवस, मी म्हटलं. तो हसला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी एक्स-रेच्या रांगेत चौथी धाकटी. डावा हात दुसऱ्या हातात धरून. "पायरीवरून पडले." माझ्याकडे बघितलंच नाही.

पडून मनगट जातं. हे मनगटाच्या वरचं, करंगळीच्या बाजूचं हाड. डोक्यावर येणारा वार हाताने अडवला की हे मोडतं. इतकी वर्षं हाडांचे फोटो काढतेय, मला शिकवते! आणि त्याच हाडावर वरच्या अंगाला जुनी गाठ. म्हणजे आधी एकदा मोडलं होतं, आणि कुठे न दाखवता तसंच भरलं होतं. मागच्या वर्षी महिनाभर ती आमच्याकडे फिरकली नव्हती. ऑर्डर आहेत म्हणाली होती.

मी म्हटलं, "कशाने मारलं?"

"ताई, तू फोटो काढ फक्त."

मी फोटो काढला. माझ्या बहिणीचा हात मी सरळ केला, उलटा केला, हलू नकोस म्हटलं. मग आत जाऊन डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. दाराला पोचा पडला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला ठेचावंसं वाटतं. दुसरं काही सुचत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आला. जसं काही झालंच नाही. "ताई, आज इंजिन बसवायचं ना?"

आणि मी बसवलं! दिवसभर त्याच्या शेजारी उभी राहून साखळी ओढली, डावीकडे घे, जरा वर घे म्हटलं. इंजिन साखळीला लटकलं होतं आणि तो खाली होता. एक कडी सोडली असती तर झालं असतं. मी सोडली नाही. इंजिन बसायला हवं होतं. थू माझ्यावर.

धाकटी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून उजव्या हाताने रंगवत बसली होती. आमच्या दोघांकडे बघत होती.

२४ फेब्रुवारी, रविवार

इंजिन चालू झालं. आधी काळा धूर, मग खोकला, मग बाबांचा आवाज. खरंच सांगते, बाबांचाच. आई घरातून धावत आली. मी रडले.

त्याच आनंदात धाकटीचा रंगाचा डबा लवंडला, नव्या सीटवर. वेल्डरने मागे न बघता उलट्या हाताने तिच्या तोंडात दिली. सवयीचं काम असावं तसं. ती पडली, तर लाथ घातली. पोटात. आई तिथेच उभी होती.

व्हील पाना माझ्या हातात होताच. मी त्याच्या खांद्यावर घातला. हाड वाजलं नाही, वाईट वाटलं. दुसरा घालायला गेले तर त्याने माझे केस धरून तोंड बोनेटवर आपटलं, दोनदा. दात ओठात घुसला. मी त्याचा अंगठा चावला, रक्ताची चव येईपर्यंत, आणि त्याची किंकाळी ऐकून मला जे बरं वाटलं ते इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे सांगणार? आईने गार पाण्याची बादली आम्हा दोघांवर ओतली. कुत्र्यांवर ओततात तशी.

जाताना त्याने नवी काच फोडली.

धाकटी आता आमच्याकडेच राहील. मी सांगून टाकलंय.

२५ फेब्रुवारी, सोमवार

जबडा सुजलाय. स्वतःचाच एक्स-रे काढला. मोडलेला नाही. आई म्हणते, "अगं, जावई आहे तो. हात काय उगारायचा त्याच्यावर?" मी म्हटलं, पाना उगारला, हात नाही. धाकटी फस्सकन हसली आणि पोट धरून खाली बसली. हसली की दुखतं तिला.

१ मार्च, शुक्रवार

एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी उभा होता. बाहेर पेशंट, त्यांच्या देखत. अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिला घरी पाठवा. नाहीतर शेडला काडी लावीन. आत कोण आहे ते बघणार नाही."

चौकीत गेले. फौजदार म्हणाला, "नवरा-बायकोचं आहे बाई. आज भांडतील, उद्या गोड होतील." मी त्याच्या टेबलावर दोन्ही फोटो ठेवले, नवं हाड आणि जुनी गाठ. त्याने उजेडाकडे धरून बघितले. उलटे धरले होते.

५ मार्च, मंगळवार

समोरची दोन्ही टायरं उभी चिरली. भर दुपारी, मी कामावर असताना. सीटमध्ये सुरा तसाच रोवून गेलाय, धाकटी जिथे बसायची तिथे. आईने बघितलं आणि घरात जाऊन कडी लावून घेतली. धाकटीने सुरा उपसला, पुसला आणि भाजीच्या सुऱ्यांत ठेवून दिला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला भीती वाटली — त्याची नाही, तिची. वेड तर लागलं नसेल पोरीला?

१० मार्च, रविवार

ऐकावं ते नवलच. आज तो आला, उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला, आईचे पाय धरले. आई विरघळली. ते ठीक, ती लोण्याचीच आहे. पण धाकटी म्हणाली, "मी येईन घरी. टायरं तू फाडलीस, आधी तू बसवून दे. तुझ्या हाताने. मग येईन."

तो लगेच हो म्हणाला. नवीन टायरं आणतो, शनिवारी बसवतो, रविवारी हिला नेतो.

तो गेल्यावर मी धाकटीला दोन्ही खांदे धरून हलवलं. "परत जाणार? त्याच्याकडे? पुढच्या वेळी फोटो काढायला तू येणार नाहीस, तुला आणतील!" तिने माझे हात खांद्यांवरून काढले. शेवटी मी तिच्या कानाखाली वाजवली. मी. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

ती म्हणाली, "झालं? आता जेवायला चल."

१५ मार्च, शुक्रवार

ठरवलंय. रविवारी तो तिला न्यायला येईल. व्हील पाना दाराच्या मागे ठेवलाय. या वेळी खांद्यावर नाही, डोक्यावर. पुढे काय व्हायचं ते होऊ दे, आत जाईन. तिथेही हाडं मोडतात, काम मिळेल.

धाकटी दिवसभर शेडमध्ये होती. "ठिपके उडालेत ताई, सगळ्यांना नव्याने देते." नवऱ्याच्या कामाची तयारी चाललीय!

१६ मार्च, शनिवार

सकाळी धाकटी म्हणाली, प्लास्टर काढायला तू चल. आईलाही घेऊ, गुडघे दाखवू तिचे. आई नको म्हणत होती, तिने जवळजवळ ओढत रिक्षात बसवली. वेल्डर शेडमध्ये चाकं मांडत होता. आम्हाला बघून हात हलवला.

परत आलो तर दारात गर्दी. शेजारचा सुतार भिंतीला धरून ओकत होता. म्हणाला, तोफेसारखा आवाज झाला.

मी आत गेले. चाक आडवं पडलेलं, टायर रिमवरून निघालेलं. तो पलीकडे, पाठीवर. रिंग आधी त्याच्या तोंडातून गेली, मग छपराच्या पत्र्यात रुतली. हनुवटीच्या वर ओळखावं असं काही राहिलं नव्हतं. छपराला, बोनेटवर, धाकटीने रंगवलेल्या अक्षरांवर, सगळीकडे तोच. हात मात्र जसेच्या तसे. एक ओरखडा नाही. उजव्या अंगठ्यावर माझ्या दातांची खूण. पिंजरा कोपऱ्यात रिकामा.

कंप्रेसर अजून धडधडत होता. धाकटी माझ्या मागून आली, रक्त टाळत टाळत चालत गेली आणि बटण बंद केलं. म्हणाली, "ताई, आईला आत ने."

१८ मार्च, सोमवार

तोच फौजदार. बरोबर एक म्हातारा टायरवाला आणला होता बघायला. रिंग पत्र्यातून काढली तेव्हा जिलबी झाली होती, शिक्का-बिक्का काही दिसत नव्हता. ठिपका तेवढा राहिलाय. म्हातारा म्हणाला, "पिवळ्या रिमला पिवळी रिंग. जुळतंय. पिंजऱ्यात का नाही भरलं?" सुतार म्हणाला, कधीच भरत नव्हता. मीही तेच सांगितलं. खरं तेच होतं. अपघात लिहिला.

फौजदार धाकटीला म्हणाला, "वाईट झालं." ती म्हणाली, "हो."

२४ मार्च, रविवार

पाना दाराच्या मागून काढून ठेवला. मी मारणार होते. आयत्या वेळी कुठलीशी जुनी रिंग दगा देऊन गेली आणि मी सुटले. सुटले असं वाटतं आणि मग रात्रभर त्याची हनुवटी दिसते. मेल्यावरही छळतोय हरामखोर.

बोल्ट काढतानाचे हातही दिसतात. ते का दिसावेत?

धाकटी मात्र शांत झोपते. कुशीवर वळून, दोन्ही हात उशीखाली.

३१ मार्च, रविवार

शेड धुतली. खिळ्यावर ती लाल फुलीची रिंग तशीच होती. म्हटलं, आता तरी बाबांचं ऐकू, कापून टाकू. हॅक्सॉचं पातं घासलं तर लाल रंग निघाला आणि खाली पिवळा ठिपका. शिक्का आयुष्यात पहिल्यांदा वाचला. आमच्याच कंपनीचा. ही आपली, समोरच्या उजव्या चाकाची. भंगारातली त्याच्याबरोबर गेली.

मान वर केली तर धाकटी समोर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने रिंगेची दुसरी बाजू दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी कापली.

चांगली रिंग होती.