दादांच्या हातचं गुलाबपाणी

२ एप्रिल
पत्रिका छापून आल्या. पोरीचं, वैशूचं, लग्न २६ ला. व्याही वांकिडीचे. आज दादांले म्हटलं, दारात गुलाबपाणी शिंपडाले तुमीच. घरच्या हरेक लग्नात तेच उभे राह्यले, माझ्याही. म्हणे, "आता दुसरा कोणी पाह्य. गुलाबदाणी हाती घेतली तं व्याह्याच्या डोळ्यात पाणी मारीन." हसले. मी नाई हसलो. दोन वर्षं झाली, हात थरथरते त्यांचा. चारचौघात चहासुद्धा पीत नाई. बाप गेला तवा मी नऊ वर्षांचा, या भावानंच वाढवलं. दारात दादा नाई तं लग्न कायचं?
इचोड्यात पंचवीस वर्षं फवारणी पंप अन नोझल विकून राह्यलो. दादांच्या हातात मावन असं एक लहानसं यंत्र नाई बनत काय माझ्यानं?

५ एप्रिल
पहिलं बनलं. लहान मोटर, चार्जिंगचे दोन सेल, नोझल. फवारा मस्त. आवाज असा का मंदा (आमची ही) लाटणं घेऊनच बाहेर. "पाहुण्यायवर औषध मारून राह्यले काय?" जुन्या पंपाचा एक वायसरही लावाचा नाई, असं देवापुढं उभं करून कबूल करून घेतलं. बरोबर आहे म्हणा तिचं. सगळं कोरं आणलं, नळीसकट.

८ एप्रिल
मोटर बाद. खोलीत धुकं सोडणाऱ्या यंत्रातली चकती मागवली. अंगावर बारीक भोकं, पाण्याचं नुसतं धुकं करते. आवाज नाई, वजन नाई, एक सेल पुरते. मंदाच्या पैठणीवर मारून पाह्यलं, तिच्या नकळत. डाग नाई! गुलाबपाण्यात दोन थेंब अत्तर टाकलं तं भोकं बुजली, तेलकट असते ते. अत्तर वेगळं लावाचं, ठरलं. आज लय खुश.

१२ एप्रिल, रविवार
फजिती. शेजारच्या कापडदुकानवाल्याच्या नातवाचं बारसं. यंत्र घेऊन मीच दारात, ऐटीत. बाजूले कुलर सुरू. धुकं सरळ भिंतीकडं. त्यांची म्हातारी आत्या रुसून बसली, जेवाले उठना. "सगळ्यायवर शिंपडलं, मलेच काऊन नाई? गरीब पाहून?"
सात वेळा दाबलं होतं बाप्पा तिच्यावर! शेवटी तांब्यातून हातानं शिंपडलं तवा कुठं पानावर बसली.
घरी मंदा पोट धरून हसली. मीही. पण म्हातारी काय चुकीचं बोलली? अंगाले थेंब लागला नाई तं तिनं कसं समजावं का आपल्याले मान दिला? अन मी जल्मभर गिऱ्हाइकायले सांगत आलो, थेंब जितका बारीक तितका चांगला.

१५ एप्रिल
परत मोटर. मोठं भोक केलं तं डाग, अन व्याहीण जल्मभर ऐकवन. बारीक केलं तं परत आत्याबाई. तीन नोझलं घासली, मधलं जमलं. मनगटाले गार टिपका लागते, कापडावरचा लवकर वाळते. मोटरीखाली रबर टाकलं, आवाज निम्मा. मंदानं पन्हं दिलं, न मागता. चांगला दिवस.

१७ एप्रिल
दादांच्या हाती दिलं. हलकं व्हावं म्हणून सेल, मोटर, बाटली सगळं खिशात. हातात नुसतं नोझल अन बटण. हात जास्तच उडाला. बटण एकदाच्या जागी चारदा दाबल्या गेलं, माझा चष्मा भिजला. दादांनी हळूच टेबलावर ठेवलं. "राहू दे. कायले माझी परीक्षा घेतं?"
वैशू तिथंच होती. मले लय वाईट वाटलं. जेवलो नाई नीट.

१८ एप्रिल
वैशू म्हणे, "बाबा, मोठे बाबा भरला गडू उचलतात तवा हात कमी हालते. पेला उचलला का जास्त."
अरे! मी हलकं करत बसलो, अन त्या हाताले वजन पाह्यजे! पंपवाला मी, अन नजर पोरीची. सासरी चालली, आता दुकानात कोण सांगन मले असं?

२१ एप्रिल
सगळं परत मुठीत. सेल बुडाशी, खाली लोखंडाचा तुकडा. अर्धा किलोच्या वर गेलं. बटण अंगठ्याएवढं. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आत एक गोष्ट करून घेतली: एकदा दाबलं का एकच फवारा, मंग दोन सेकंद कितीही दाबा, ऐकतच नाई.
पण जड झालं तं हात थकन. पाहुणे तीनशे. दारात खुर्ची ठेवू म्हटलं. मंदा म्हणे, "बसून स्वागत? दादा? मरण पत्करतीन." खरं आहे. हात हालूही नाई अन थकूही नाई, दोन्ही कुठून मिळन?

२३ एप्रिल
दादा आले, यंत्र घेऊन गेले. हो नाई का नाई नाई. दुपारी वहिनीचा फोन: "सकाळधरून तुळशीवर शिंपडून राह्यले. तुळशीले सर्दी होईन." जीवात जीव आला.

२५ एप्रिल, शनिवार
उद्या लग्न. मंडप झाला. दुपारी दादा आले, यंत्र हातात. "बाहेर जाय. अन पाहुण्यासारखा आत ये."
चपला घालून बाहेर गेलो, परत आलो. दादा चौकटीत ताठ उभे. हात हालत होता, पण कमी. माझ्या मनगटावर एकच फवारा. गार.
"या व्याहीबुवा, या. बसा."
या माणसानं मले जल्मात कदी 'या' म्हटलं नाई. 'ये बे', नाई तं 'कुठं मेला होता'. मले रडू आलं, तिथंच, मंडपवाल्या पोरायपुढं.
"काय झालं? डोळ्यात उडलं काय?"
"नाई."
"मंग? वीस फवारे झाले का हात भरून येते, ते सांगाले आलो होतो."
उद्या उभे राहसान का, विचारलं नाई मी. त्यांनीही सांगतलं नाई. जाताना चार्जर मागून नेला.