छपरावरचा निहार

मॉन्ट्रियल
१८ जानेवारी २०२५

ती. स्व. सौ. सुनेत्राआत्यास,
निमिषचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला असं लिहिलं तर तू हसशील, कारण हा उशीर नाही, टाळाटाळ आहे. फ्रान्सहून मी नोव्हेंबरातच परत आलो. आधी टपालवाल्यांचा संप होता, ते माझ्या पथ्यावरच पडलं. मग संप मिटला, ख्रिसमस गेला, संक्रांत गेली आणि माझ्याजवळची कारणं संपली. फोन नको म्हणालीस ते बरोबरच आहे. तुझा फोन वाजला की काकांच्या गाडीतही वाजतो, आणि माझे मेसेज ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून हे सीमामावशींच्या पत्त्यावर. त्यांना सांग, उघडून वाचलं तरी चालेल, फक्त शुद्धलेखनाला हसू नका. तुझ्या बेसमेंटमधल्या रविवारच्या वर्गात जेवढं मराठी झालं तेवढ्यावरच चाललंय.

तर किल्ले. काकांना सांगायला तू कारण काढलंस की निमिष चार दिवस फ्रान्सचे किल्ले बघायला चाललाय, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की खरंच किल्ले बघत बसलो. पहिल्या दिवशी शनोंसो. नदीवर पूल आणि पुलावर महाल. तू असतीस तर राण्यांच्या पलंगांकडे ढुंकूनही बघितलं नसतंस, थेट खाली स्वयंपाकघरात गेली असतीस. ते पुलाच्या खांबात आहे. भिंतभर तांब्याची पातेली, खिडकीखाली पाणी, आणि सगळा बाजार होडीतून दाराशी यायचा म्हणे. मी तिथे इतका रमलो की शेवटची बस गेली.

दुसऱ्या दिवशी शिनों. हा मात्र गड. चढताना धाप लागते, वर वारा आणि पडक्या भिंती. बाकीच्यांना किल्ले म्हणवत नाही गं, नुसते आरसे आणि झुंबरं. मी सवयीनं चोरदरवाजा शोधत दोनदा तट फिरलो. गार्डनं विचारलं, काय हरवलं. मी माझ्या मॉन्ट्रियलच्या फ्रेंचमध्ये सांगितलं की आमच्याकडे गडाला पळून जायची एक वाट ठेवलेली असते. तो म्हणाला, इथे सगळे पुढच्याच दारानं पळतात, तिकीट काढून.

तिसऱ्या दिवशी तुझ्या निहारकडे जायचं होतं. वाटेत चीजचा बाजार लागला. चौथ्या दिवशी संध्याकाळी गेलो एकदाचा.

भेट झाली. तो बरा आहे, हाडकलाय. एका लहानशा किल्ल्याचं छप्पर दुरुस्त करतोय. गावाचं नाव लिहू नको म्हणालाय. तुझ्या डायलिसिसचं सांगितलं. तुला विमानप्रवासाला डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा त्यालाच यावं लागेल, हे सांगितलं. मार्चअखेर त्याचं पीआर कार्ड, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, संपतंय, त्याच्या आत आला तर येता येईल, नंतर व्हिसाच्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही, तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. येतो म्हणाला नाही. बाकी काय बोलला ते पुढच्या पत्रात. हात दुखतोय.

लोभ आहेच. तो वाढावा असं मी काही केलेलं नाही, तेव्हा आहे तेवढा सांभाळ.

तुझा,
निमिष


व्हिटबी
२७ जानेवारी २०२५

चि. निमिष यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सीमानं उघडलं नाही, पण मी वाचून होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. त्यापेक्षा तिनं वाचलं असतं तर बरं. तुझी ती भिंतभर पातेली वाचून मला काय वाटलं सांगू? एवढ्यांना कल्हई कोण करत असेल.

हात दुखतोय म्हणे. गणिताचा पेपर असला की तुझा तोच हात दुखायचा, आणि तेव्हाही मी फसत नव्हते. चार दिवसांतले तीन दिवस तू भटकलास याचा मला राग नाही. तुला पाठवतानाच मी ते धरून चालले होते. पण जो अर्धा तास त्याच्याजवळ होतास तो तरी मला पुरता दे. रागावला असेल तर रागावला लिही. आईची आठवण काढली नसेल तर तेही लिही. आजकाल मला काही टोचून घ्यायचं भय राहिलेलं नाही, आठवड्यातून तीनदा सुया टोचतातच.

इथलं नेहमीचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे मला डायलिसिसला नेतात आणि मशीन थांबेपर्यंत शेजारी बसतात. एकदाही चुकले नाहीत. निहारचं नाव मात्र घरात काढत नाहीत. वॉटर्लूचं इंजिनिअरिंग शेवटच्या वर्षाला सोडून तो गेला तेव्हापासून घरात नाव नाही, आणि मराठी मंडळात गेले की त्याच्याशिवाय विषय नाही. तुला माहीतच आहे, मंडळाच्या एका पॉटलक जेवणाला कुणीतरी विचारलं आणि यांच्या तोंडून निघून गेलं की निहार पॅरिसला पीएचडी करतोय, जुन्या इमारतींवर. तेव्हापासून ती पीएचडी दर वर्षी थोडी पुढे सरकते. सध्या थीसिस सबमिट व्हायचाय. आता पाडव्याला मंडळ ज्यांच्या मुलांनी नाव काढलं अशा आईवडिलांचा सत्कार करणार आहे. शाल, श्रीफळ. आमचं नाव पहिलं आहे.

दिवाळीत तो गॅरेजमध्ये किल्ला करायचा ते आठवतं का? बाहेरची माती थिजलेली असायची म्हणून ग्रोसरीबरोबर कुंड्यांच्या मातीच्या पिशव्या आणायचो. हे ऑफिसातून आले की कोटासकट उकिडवे बसून बुरूज कलला का ते बघायचे. त्याला छपरावर कुणी चढवलं असं मी यांना कधी विचारत नाही.

लवकर लिही. माझा लोभ मोजून ठेवलेला नाही, तू फक्त खरं लिही.

सुनेत्राआत्या


मॉन्ट्रियल
६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. सुनेत्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कालपासून बर्फ थांबलेलं नाही. माझी शिफ्ट रद्द झाली, रूममेटची मांजर माझ्या विंटर जॅकेटवर व्यायली, आणि मी तिच्या पिल्लांची नावं ठेवण्यात सकाळ घालवली. आता लिहितो.

मी गेलो तेव्हा तो वर होता. खालून हाक मारली तर खाली न बघताच फ्रेंचमध्ये म्हणाला की तिकिटं त्या बाजूला मिळतात. मग मी त्याला आपल्या घरातल्या नावानं हाक मारली, निहू. तेव्हा उतरला. तिथली छपरं पाटीच्या दगडाची असतात, आपण मुळाक्षरं गिरवायचो त्याच काळ्या पाटीच्या. त्याची बोटं नखांपर्यंत काळी. मला खोलीत नेऊन सूप दिलं. तू अजून तिळाचे लाडू काकांपासून लपवून ठेवतेस का, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. म्हणजे आठवण काढली, आत्या. तेवढं धर मनाशी, कारण पुढचं वाईट आहे.

तुझं सगळं सांगून झाल्यावर त्यानं फोन काढून मला मंडळाची स्मरणिका दाखवली. ती नेटवर आहे. त्यात त्याचा फोटो, खाली पॅरिस आणि पीएचडी. हसून म्हणाला, त्यांचा मुलगा पॅरिसला आहे, आई आजारी आहे तर त्याला बोलवा, मला कशाला. मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नको. त्यावर म्हणाला की तो स्वतः आला तर आईला बघायला मंडळाची माणसं डबे घेऊन येणार, आणि त्यानं आईच्या उशाशी बसून थीसिसची चौकशी ऐकायची. ते त्याला जमणार नाही. मग एक अट घातली. बाबांनी मंडळाच्या माइकवर एकदा सांगावं की माझा मुलगा छपरं शाकारतो. त्याच दिवशी विमानात बसतो म्हणाला.

हे मी तुला इतके दिवस लिहिलं नाही, कारण मी काकांना ओळखतो. जे होणारच नाही ते तुला सांगून काय करायचं असं वाटलं. तूच सांग, लिहायला नको होतं ना?

माझी बस पुन्हा चुकली. त्यानं व्हॅनमधून स्टेशनवर सोडलं. उतरताना माझा मफलर नीट केला, तू करतेस तसा.

काकांना यातलं कळू देऊ नको. रागावू नको म्हणण्याचा हक्क नाही, तरी म्हणतो.

निमिष


व्हिटबी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. निमिष यास,
अनेक आशीर्वाद.

कळू देऊ नको म्हणालास, पण मी यांना सांगितलं.

बुधवारी डायलिसिसहून परत येताना, गाडीत. घरात सांगितलं असतं तर उठून गेले असते. हायवेवर कुठे जाणार? तू फ्रान्सला कशाला गेला होतास इथपासून त्या अटीपर्यंत सगळं सांगितलं. यांनी वायपर लावले. बाहेर काहीही पडत नव्हतं, कोरड्या काचेवर ते कुरकुरत राहिले. घरी आल्यावर बर्फ शोव्हल करायला गेले. आपला ड्राइव्हवे झाला, मग शेजारच्या अवंतिकाचा केला, मग तिच्या पलीकडच्यांचा. ते लोक घरात नसतात हिवाळ्यात. जेवताना एवढंच म्हणाले की पाडव्याच्या पत्रिका छापून झाल्यात.

बाळा, तुझं बरोबर होतं. न लिहितास तर मी निदान मार्चपर्यंत वाट बघितली असती. काल मी निहारचे स्नो बूट देवळाबाहेरच्या, जुने कपडे-बूट द्यायच्या पेटीत टाकून आले. सीमा म्हणाली, थांब थोडी. मी म्हटलं, कुणाच्या तरी पायात जाऊ देत.

येत्या शनिवारी मंडळाची शिवजयंती आहे. मुलांनी पुठ्ठ्याचे किल्ले केलेत, यांना परीक्षक म्हणून बोलावलंय. तिथून हे त्यांच्या मित्राकडे, चारुदत्तांकडे, ऑटावाला जाणार, दोन-तीन दिवस. मला सोडून पहिल्यांदाच. मीच जा म्हटलं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की घर फार लहान होतं. मी इथेच आहे, सीमा राहायला येईल, आणि सोमवारी तीच नेईल.

एक शेवटचं काम कर. निहारला फोन लाव. माझा उचलत नाही, तुझा उचलेल. अट राहू दे म्हणावं. बाबा तसेच राहणार, आणि माझ्याकडे वेळ किती आहे ते डॉक्टरही नीट सांगत नाहीत. कुणी डबे घेऊन आलं तर मी दार उघडणार नाही, असं आईनं सांगितलंय म्हणावं. एकदा येऊन जा.

तू जेवत जा वेळेवर. या पत्राला उत्तर आलं तर लोभ आहे असं समजेन, नाही आलं तरी समजेन.

सुनेत्राआत्या


मॉन्ट्रियल
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल निहारशी बोललो. यावेळी भटकत नाही, सरळ लिहितो. तू सीमामावशींना जवळ बसवून वाच.

कार्ड गेलं. मार्चची वाट बघायचं कारण उरलेलं नाही. त्यानं डिसेंबरातच पीआर सोडून दिलं, स्वतः अर्ज करून. मला वाटलं चिडून थाप मारतोय. पण नाही. म्हणाला, दर महिन्याला ते कार्ड हातात घेऊन तारीख बघायचो, जाऊ की नको, जाऊ की नको, त्यानं छपरावर पाय लटपटायला लागले, म्हणून एकदाचं संपवलं.

तुझा निरोप मी शब्दाला शब्द दिला. दार उघडणार नाही हेही. त्यानं विचारलं, सुया कुठल्या हाताला टोचतात. डाव्या म्हटलं. आता व्हिजिटर व्हिसाला अप्लाय करतो म्हणाला. पण महिने लागतील, आणि आपणहून पीआर सोडून गेलेल्याला देतीलच असं नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही, आत्या. तू खरं लिही म्हणाली होतीस. हे खरं आहे, आणि याच्यापुढे मला काही सुचत नाही.

इथवर लिहून पाकीट शोधत होतो तेवढ्यात खाली बेल वाजली. फूड डिलिव्हरी चुकून आली असेल म्हणून मी तसाच बनियनवर दार उघडलं. काका आहेत.

ऑटावाहून बसनं आले. आता माझ्या किचनमध्ये बसलेत, बुटांचं पाणी सगळीकडे झालंय आणि एक पिल्लू त्यांच्या बॅगेवर चढून बसलंय. शनिवारी त्यांनी माइकवर सांगितलं, आत्या. बक्षिसं देऊन झाल्यावर. पीएचडी नाही, पॅरिस नाही, माझा मुलगा छपरं शाकारतो. तर लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या. एवढ्या शिकलेल्या मुलाचा बाप किती साधं बोलतो म्हणे. त्यांनी पुन्हा सांगितलं, तर आणखी टाळ्या. खाली उतरल्यावर कुणीतरी थीसिस कधी म्हणून विचारलं. हे सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला, मी दुसरा ठेवला.

आता म्हणतात, मंडळाला कळो न कळो, त्याला मी स्वतः सांगतो. फोन नको, गाव सांग. बॅगेत पासपोर्ट आहे, कानटोपी आहे, आणि तुझा तिळाच्या लाडवांचा डबा आहे, कुठे लपवतेस ते त्यांना माहीत होतं. परवा रात्रीचं तिकीट काढ म्हणतात, बुधवारच्या आणि शुक्रवारच्या डायलिसिसला सीमाला सांगतो म्हणतात. त्याला घेऊनच येतो, मार्चअखेरीला अजून अवकाश आहे, असं आत्ताच म्हणाले.

कार्डाचं मी अजून सांगितलेलं नाही. तोंड उघडतो आणि साखर हवी का विचारतो. तिसऱ्यांदा विचारलं आत्ता.

टेबलापलीकडून विचारतायत, कुणाला लिहितोयस. मी सांगितलं, तुला. तर म्हणाले, लिही, मी पोचलो.